जरा खाली बसता का?

किंकाळी आली तेव्हा योगिनीचं वाक्य अजून पुरतं व्हायचं होतं. हेडफोनमधला आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतच नाही, तो आपल्याच कवटीत उमटतो. पहिल्या क्षणी तिला वाटलं, आपणच ओरडलो. तिने घाईने हेडफोन मानेवर ओढला आणि त्याच वेळी छातीत ती ओळखीची कळ आली, मुंग्या याव्यात तशी, आणि कुर्त्याच्या डाव्या बाजूला ओल पसरत गेली. दिशा आठ महिन्यांची, इंदिरानगरच्या घरी आजीच्या मांडीवर, बहुतेक झोपलेलीसुद्धा असेल. आणि इकडे मुंबई नाक्यावरच्या या थंडगार ऑफिसात, सिन्नरपलीकडच्या कुठल्या गावातली कोण बाई रडली, तर हिला पान्हा फुटला. ओढणी पुढे घेताना तिला स्वतःच्या शरीराचा राग आला. काही म्हणजे काही कळत नाही याला. कोण रडतंय, कशासाठी, विचारायचं नाही. कुणी रडलं की आपलं वाहायला लागायचं.

ती बोलली होती तरी काय? "नमस्कार, उज्वलाताई का? मी योगिनी, वकिलातीच्या मदतकक्षातून बोलतेय. ताई, आत्ता तुमच्याजवळ घरातलं कुणी मोठं माणूस आहे का?" पलीकडून "आत्याबाई हायेत" असं हळूच. "बरं. ताई, जरा खाली बसता का? घोटभर पाणी घ्या आधी." पाण्यावर ती बाई ओरडली. पुढचं वाक्य होतं, तुमच्या यजमानांवर तातडीने शस्त्रक्रिया करायची आहे आणि त्यासाठी तुमची संमती हवी आहे. ते तसंच जिभेवर राहिलं. गोरक्ष नावाचा तो माणूस जिवंत होता. आखातातल्या एका शहरात, दवाखान्यात, नळ्या लावलेला, बेशुद्ध, पण जिवंत. कामावर लोखंडी चौकट पायावर पडली होती, जखम चिघळली होती, विष वर चढत होतं. पाय काढला तर वाचेल असं डॉक्टर म्हणत होते, आणि बायकोच्या होकाराशिवाय ते सुरी लावणार नव्हते. संध्याकाळच्या आत हो म्हणा, एवढंच. आणि ती बाई तर तिकडे विधवा होऊन बसली.

योगिनीने पुन्हा फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका म्हाताऱ्या पुरुषाने घेतला. मागे बायकांचा गलका चालला होता.

"मी सहादू बोलतो, गोरक्षचा बाप. कळालं ताई आम्हाला. बॉडी कधी येईल?"

"बाबा, अहो बॉडी नाही, ते जिवंत आहेत. पायाला लागलंय, दवाखान्यात ठेवलंय."

"हां हां." म्हातारा समजूतदारपणे म्हणाला. आवाज इतका शांत की तिला धडकी भरली. "बायामाणसांला तसंच सांगतो मी. पायाला लागलंय म्हणून. तुमची लय मेहरबानी झाली, ताई. चांगल्या घरच्या दिसत्या."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर कुणीतरी उचलून नुसता खाली ठेवला. त्यानंतर बंदच.

पायाला लागलंय. हे आपण कसं बोललो, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. म्हणजे खरंच लागलेलं होतं, पण हेच शब्द? तिच्या वडिलांचा घोटीजवळ अपघात झाला तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. सातपूरच्या चाळीत दुपारी मामा आला होता, मागे शेजारचे काका, आणि दारातच म्हणाला होता, "ताई, घाबरू नको, भावजींच्या पायाला लागलंय, प्लास्टर घालतायत, चल." जीप सांगून आणली होती, खचाखच माणसं भरलेली. तेव्हा योगिनीला प्रश्न पडला होता की पायाला लागलंय तर एवढी माणसं कशाला. आईला नाही पडला. आईने ट्रंकेतून वडिलांचा जुना लेंगा बरोबर घेतला होता, आणि जीप पाथर्डी फाट्यावरून पुढे निघाली तशी ती त्याच्या एका पायाची शिवण उसवू लागली. प्लास्टरचा पाय आत गेला पाहिजे ना. नखांनी दोरा निघेना. सगळी जीप तिच्याकडे बघत होती. मामाने खिशातून ब्लेड काढून दिलं. तेच. अजूनही योगिनीला आठवतं ते मामाचं रडणं नाही, नंतरचा आकांत नाही, तर मामाने ब्लेडवरचा कागद सोडवून ते नीट, धार आपल्याकडे ठेवून आईच्या हातात दिलं, ते. आईने शेवटपर्यंत शिवण उसवली. दवाखान्याच्या खिडकीवर एक कारकून बसला होता, तोंडात तंबाखू, त्याने मान वर न करता विचारलं, "बॉडी न्यायला आलेत का तुम्ही?" आणि आईला कळलं. नंतर कितीतरी वर्षांनी भाकरी थापता थापता आई एकदा म्हणाली होती, "त्या गाडीतल्या सगळ्यांचं माझ्यावर प्रेम होतं गं. पण माझ्याशी माणसासारखं बोलला तो एकटा तंबाखूवाला."

"स्क्रिप्ट सोडली नव्हतीस ना?" मयूर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा होता. टीम लीडर. वयाने तिच्याहून लहान, पण गळ्यातल्या पट्ट्याने मोठा.

"नाही. शब्दन् शब्द म्हटली."

"मग आपण सेफ आहोत." त्याचा चेहरा खरोखर सैलावला. "रेकॉर्डिंग आहे. तू पाणी विचारलंस, जवळ कोण आहे विचारलंस, बसायला सांगितलंस. कुणी काही बोलू शकत नाही आपल्याला."

"अरे, पण तिथे रडारड चाललीय. तो माणूस मेला असं धरून बसलेत ते. संध्याकाळपर्यंत हो आलं नाही तर खरंच मरेल."

"अगं, पण त्यांनी तसं का धरलं?"

आता याला काय सांगायचं. हा वाढला कुठे, नाशकातच ना? याच्या घरी कधी कुणी मेलं नाही? आपल्याकडे फोनवर कुणी मायेने बोलायला लागलं की समजायचं, माणूस गेला. जिवंत माणसाची बातमी सांगताना कुणी खाली बसवत नाही, पाणी देत नाही. जिवंत माणसाच्या बातमीला लोक ओरडून हाक मारतात, मधेच खोकतात, जेवलात का विचारतात. वाईट बातमी हप्त्याहप्त्याने द्यायची, बाईला सगळ्यात शेवटी, ही तर सगळ्या जिल्ह्याची रीत. ज्यांनी स्क्रिप्टच्या त्या पायऱ्या लिहिल्या ते कुठल्या गावचे होते? पहिली पायरी, आधार जवळ आहे का पाहा. दुसरी, बसवा. तिसरी, पाणी. आणि चौथी, सगळ्यात लाडकी: "तुमच्यावर काय गुजरत असेल ते मी समजू शकते." हे वाक्य म्हणताना अर्धा श्वास थांबायचं असं सुद्धा लिहिलं होतं.

प्रशिक्षणाला दिल्लीहून एक बाई पडद्यावर आल्या होत्या, निवृत्त राजदूत. पांढरेशुभ्र केस, खांद्यावर शाल, आणि आवाज असा की सगळ्या मुली माना वाकड्या करून ऐकत राहिल्या. योगिनी तेव्हा पोटुशी होती, आणि तिला त्या फार आवडल्या होत्या. पूर्वी आम्ही टेबलावर नकाशा पसरायचो, बाई म्हणाल्या होत्या, आता माणसाचं मन पसरतो. मुत्सद्देगिरी आता बंद दाराआड राहिलेली नाही, ती तुमच्या फोनमध्ये आहे. परदेशात अडकलेल्या कामगाराची बायको तुमच्या आवाजात देशाचा आवाज ऐकते. मग त्यांनी एक किस्सा सांगितला. एका अवघड वाटाघाटीत समोरचा अधिकारी ऐकेना, तेव्हा यांनी मधल्या सुट्टीत त्याच्या आजारी आईची चौकशी केली, पुढल्या दिवशी औषधाचा पत्ता आणून दिला, आणि अडलेली दोन कलमं सुटली. "सहवेदना," बाई हसून म्हणाल्या होत्या, "हे आपलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार हत्यार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योगिनीनेही. त्या रात्री हर्षलला तिने तो किस्सा सांगितला, तर तो म्हणाला, "मग त्या म्हातारीचं पुढे काय झालं?" तिला राग आला होता. नवरा म्हणजे कारखान्यात नट आवळणारा, याला काय कळणार. पण प्रश्न तसाच राहिला होता, दाढेत अडकलेल्या काडीसारखा. कलमं सुटली. म्हातारीचं काय झालं, ते बाईंनीही सांगितलं नव्हतं आणि त्यांना विचारावंसंही कुणाला वाटलं नव्हतं.

तिने वकिलातीतल्या खन्नासाहेबांना फोन लावून घेतला. कामगार कल्याण अधिकारी. हा चांगला माणूस, असंच सगळे म्हणायचे. तिने सगळं सांगितलं. म्हणाली, गोरक्षचा एखादा व्हिडिओ पाठवा, श्वास चालू असलेला. ते म्हणाले, नियमात बसत नाही, रुग्णाची खासगी बाब. आणि लगेच तिच्याही मनात आलं, नळ्या खुपसलेला, सुजलेला, डोळे मिटलेला चेहरा बघून तर घरचे उरलीसुरली आशाही सोडतील. मग बापाचा होकार चालेल का? नाही, कागदावर पत्नी आहे. मग तिथल्या डॉक्टरांना तुम्हीच सांगा ना, जीव महत्त्वाचा. पलीकडे अर्धा श्वास शांतता झाली.

"योगिनीजी," खन्नासाहेब म्हणाले, "आप पर क्या गुज़र रही होगी, मैं समझ सकता हूँ."

चौथी पायरी. तिला आपली ओढणी आणखी गच्च धरावीशी वाटली. असं वाटतं तर हे. रोज आपण हे इतक्या बायकांच्या कानात घालतो आणि त्या कानांना असं वाटतं. मऊ उशी दाबून धरावी तसं. वर बोलायला जागाच ठेवायची नाही. ज्याने आपल्याला समजूनच घेतलंय, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

मयूर नाही म्हणत असतानाच तिने पर्स उचलली. कुटुंबाला प्रत्यक्ष भेटायचं नाही हा वकिलातीचे फोन सांभाळणाऱ्या त्यांच्या कंपनीचा नियम होता, आणि मयूरने तो दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा जिन्यावरून ओरडून. महामार्ग स्टँडवर सिन्नरची बस लागलेलीच होती. खिडकीशी बसून तिने आईला फोन केला. "दूध काढून ठेवलंय ते दे. मला उशीर होईल." आई म्हणाली, "कुठे निघालीस?" "सिन्नरकडे. एका घरी सांगायचंय की त्यांचा माणूस जिवंत आहे." "मग त्यात जायचं काय एवढं," आई म्हणाली, "जिवंत आहे हे फोनवर सांगतात." आणि दिशा मागे हसत होती, नाहीतर खोकत होती, कळलं नाही.

शिंदे-पळशाच्या टोलवर बस रेंगाळली. ऊन खिडकीच्या काचेला चिकटून बसलं होतं. समोरच्या बाकावर दोन बायका लग्नातल्या मानापानावरून कुणाची तरी सालं काढत होत्या आणि मनापासून खूश होत्या. योगिनीला वाटलं, असं कुणीतरी बोलायला हवं उज्वलाशी. काय बोलायचं याची ती मनात जुळवाजुळव करू लागली. ताई, विश्वास ठेवा. ताई, माझ्याकडे बघा, मलाही लहान मूल आहे, मी खोटं बोलेन का? प्रत्येक वाक्य ओठाशी आलं की पिकल्यासारखं गोड व्हायचं. मोहदरीच्या घाटात बस वळणं घेऊ लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला दुसरं बोलताच येत नाही. या नोकरीने आवाज असा घासून गुळगुळीत केलाय की परवा भाजीवालीला, "मावशी, तुमची अडचण मला समजतेय," असं म्हणून बसलो, आणि मावशी संशयाने तराजूकडे बघायला लागली. रात्री दिशा रडली की अर्धवट झोपेत तोंडातून निघतं, "हो, मी ऐकतेय." हर्षल पोट धरून हसतो. पण एकदा तो हसला नव्हता. भांडण झालं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही, आणि ती शांतपणे म्हणाली होती की तुला असं वाटणं स्वाभाविक आहे. तो ताट सारून उठला होता. "त्यापेक्षा दोन शिव्या दे," म्हणाला होता.

सिन्नरहून जीपने गाव. घर विचारावं लागलं नाही, ओट्यावर पुरुष गुडघे धरून बसले होते. तिने वकिलातीचं नाव घेताच सगळे उठले. सहादूबाबा पुढे आले. उंच, वाळलेला म्हातारा, टोपी हातात. "ताई, तुम्ही स्वतः आल्या?" ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. "मघाशी थोडी आशा होती. म्हटलं, बाई म्हणतेय तर आसंलही. पन आता वकिलातीची बाई नाशिकवरनं दारात आली म्हंजी..." मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या त्यांना."

ती ओट्यावर उभीच राहिली. म्हणजे आपण येणं हाच शेवटचा पुरावा ठरला. फोन केला तेव्हा गोरक्ष मेला, दुसऱ्यांदा केला तेव्हा आणखी मेला, आणि आता एवढ्या उन्हातून काळजाने धावत आलो तर पार पुरलाच गेला. जितकी माया लावावी तितका तो खोल जात होता.

"बाबा, ते जिवंत आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. सहादूबाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आत बायकांची दाटी होती. मधोमध सासू, लंकाबाई, पदर तोंडावर घेऊन डोलत होती, आणि डोलता डोलता बोलत होती, म्हणजे रडणं आणि बोलणं एकच चाललं होतं: "चांगला कंपनीत होता गं माझा पोरगा... घरचं खात होता... हिलाच पत्र्याचं घर नको होतं गं... हिनं धाडला त्याला तिकडं... पांढऱ्या पायाची गं बाई, आली तवापास्नं..." कुणी तिला गप्प करत नव्हतं. करायचंही नसतं, आई आहे. उज्वला भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती रडत नव्हती. हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवलेले, जणू ते कुणीतरी न्यायला येणार आहे. शेजारची एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, वरून खाली, वरून खाली, लाकडावरून रंधा फिरवावा तसा.

योगिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. "उज्वलाताई, मी सकाळी फोन केला होता. माझं ऐका. गोरक्षभाऊ जिवंत आहेत. शपथ घेऊन सांगते." उज्वलाने मान हलवली. विश्वास ठेवल्याची नव्हे, ऐकल्याची. पाठीवर हात फिरवणारी बाई म्हणाली, "ऐक गं, जित्ता हाय म्हणत्या बाई. पायाला लागलंय नुसतं." आणि वर योगिनीकडे बघून तिने डोळ्यांनी आभार मानले. बाकीच्याही बायका मागोमाग म्हणू लागल्या, हो हो, पायालाच लागलंय, येईल, येईल. सगळ्या कशा एका सुरात, मायेच्या, आणि त्या सुरात योगिनीचा सूर इतका बेमालूम मिसळला की तिचा तिलाच वेगळा ओळखू येईना. जीप. हीच ती जीप. आणि या खेपेला आपण आत बसलोय, उसवणाऱ्या हातांकडे बघत.

खिशात फोन थरथरला. खन्नासाहेबांचा निरोप होता: डॉक्टर विचारतायत, काय झालं.

मग काय झालं ते तिला नंतर नीट मांडता आलं नसतं. तिला उठून उभं राहिल्याचं आठवतं. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा जबडा जड झाल्याचं आठवतं. दवाखान्याच्या त्या खिडकीमागून, मान वर न करता.

"ओ बाई," ती म्हणाली, "रडणं-बिडणं नंतर करा. मला उत्तर पाहिजे. तुमच्या नवऱ्याचा पाय कापायचाय, मांडीपासून. हो म्हणायचं तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. नाही म्हटलं तर आमचा विषय संपला, मग मेला-बिला तर आम्हाला फोन करायचा नाही. एक तर फोन बंद करून बसता आणि आम्हाला खेटे घालायला लावता. माझं अंगावरचं पोर घरी आहे. लवकर बोला."

डोलणं थांबलं. हात पाठीवरून सुटला. दारातून सहादूबाबांचा आवाज आला, "ओ बाई, तोंड सांभाळून बोला. मयताचं घर आहे हे." कुणी पुरुष आत यायला निघाला. "काय बोलू राहिली ही? दोन थोबाडीत द्या कुणीतरी तिला." आणि योगिनी हलली नाही. तिला वाटलं, द्या. खरंच द्या.

उज्वला वळली. पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला. तरुण होती, योगिनीएवढीच.

"कोनता पाय?"

"उजवा."

"गुडघा राहील का?"

"नाही राहणार."

उज्वला तिच्याकडे बघत राहिली. ती योगिनीच्या तोंडावर काहीतरी शोधत होती, मायेचा एखादा कवडसा, ओठाची थरथर, आणि योगिनीने सगळं बळ लावून काही म्हणजे काही सापडू दिलं नाही. एखादं दार अंगाने दाबून धरावं तसा चेहरा धरला.

"मंग तो जित्ता हाये," उज्वला सासूला म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "आत्याबाई, तो जित्ता हाये. मेलेल्याचा पाय कशाला कापत्याल? आन् ही बाई बघा कशी बोलू राहिली. मेल्यावर आसं कोनी बोलतं का?"

कुणाला काही सुचायच्या आत ती उठली होती. "लावा फोन." योगिनीने लावला. खन्नासाहेब हिंदीत, हळुवार सुरू झाले, बहनजी, सबसे पहले मैं आपसे... "साहेब," उज्वला ओरडली, सगळ्या गावाने ऐकावं अशी, "कापा! हां बोलले ना मी! मी त्याची बायको, उज्वला गोरक्ष. कापा पाय, आन् मानूस ठेवा!" हाँ, बहनजी, रेकॉर्ड हो गया, पलीकडून आलं, गोंधळलेल्या, घाईच्या, प्रथमच माणसाच्या आवाजात.

थोड्या वेळाने निरोप आला, आत घेतलं. योगिनीने तो मोठ्याने वाचून दाखवला. ओट्यावर एकदम गलबला झाला, कुणी हसलं, कुणी बापाच्या पाठीत थाप मारली, एकाने आता खरोखरची शिवी दिली, गोरक्षला, जीव खाल्ला म्हणून. बायका पदराने डोळे पुसत उठून बसल्या. योगिनीला कुणी काही बोललं नाही. मघाचं बोलणं तिला माफही झालं नव्हतं आणि तिचे आभारही कुणी मानत नव्हतं. ती बाजूला मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं. मागे उज्वला येऊन उभी राहिली, रिकामी कळशी घेऊन.

"सकाळपास्नं रांडाव होते मी," ती म्हणाली. रागाने नाही. कळशी नळाखाली ठेवत म्हणाली. "तुम्ही आल्या तवा म्हातारी काय म्हणू राहिली होती, आयकलं ना? ते कायच नाय. त्याच्या आधी लय बोलली. बाकीच्याबी बोलल्या. नंदेनं फोनवरनं सांगितलं, तिला माहेरी धाडून द्या, पोरगं ठिवून घ्या. मामंजी हां म्हणले." पाणी कळशीत पडत होतं, आवाज बदलत वर चढत होता. "मानूस मेल्यावर आपलं काय व्हनार, ते मेल्यावरच कळावं, ताई. मला आधीच कळालं. आता तो येईल एका पायानं, आन् मला यांच्यातच ऱ्हायचंय. न आयकल्यासारखं करून."

आणि योगिनीच्या तोंडात ते आलं. आपोआप आलं, सवयीनं, अर्धा श्वास थांबून, तुमच्यावर काय गुजरत असेल ते मी... तिने दात मिटले. जिभेला खरंच चावा बसला.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"तुमचं काय चुकलं?" उज्वलाने कळशी कमरेवर घेतली. "तुम्ही तर लय मायेनं बोलल्या होत्या."

ती घरात गेली. योगिनी ओट्याच्या कडेला उभी राहून जीपची वाट बघू लागली. दारातून आतलं दिसत होतं. लंकाबाईने चूल पेटवली होती, बाकीच्या बायका पांगल्या होत्या. म्हातारीने पहिला कप गाळला, उठून स्वतः उज्वलापाशी आणून ठेवला, आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकड मोडली. "माझी लक्षुमी गं," ती म्हणाली, "तुझ्याच कुंकवानं वाचला." उज्वलाने मान खाली घातली. कप उचलला, बशीत ओतला, आणि बशी सासूपुढे केली. "आधी तुम्ही घ्या, आत्याबाई," ती म्हणाली, "सकाळपास्नं तुमच्या पोटात काय नाय." आवाज इतका मऊ होता की कोणत्याही पडद्यावर, शाल पांघरून, तो शोभला असता. म्हातारीने बशी घेतली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि दोघींपैकी एकीचेही डोळे हलले नाहीत.

मयूरचा फोन आला. तो खुशीत होता. वकिलातीतून वरपर्यंत गेलं होतं, संवेदनशील हाताळणीचा नमुना म्हणून छापायचं म्हणत होते. "तू नक्की काय बोललीस गं तिला? दोन ओळी दे."

"अंगावर ओरडले."

"ए, गंमत नको. असं लिहिता येत नाही." तो हसला. "बरं, ते मी बघतो, तिची भावना समजून घेतली वगैरे टाकतो. घरचे कसे आहेत आता? तेवढं सांग, रिपोर्टला लागतं."

योगिनीने पुन्हा एकदा आत पाहिलं.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "एकमेकींशी गोड बोलतायत."